प्रती, पाठभेद आणि स्मरणरंजन

'नॉस्टॅल्जिया'साठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय म्हणून बिनदिक्कत वापरले जातात. एक 'स्मरणरंजन' आणि दुसरा 'गतकातरता'. वास्तविक या दोहोंत बरेच अंतर आहे. स्मरणरंजनात आठवणारा माणूस आपल्या जागी सुखात बसलेला असतो. भूतकाळ त्याच्या करमणुकीसाठी हजर झालेला असतो. गतकातरतेत काहीतरी कायमचे गेलेले असते आणि त्याची कळ अद्याप ओसरलेली नसते. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात मूळ शब्द घडवला, तेव्हा ते एका आजाराचे नाव होते. घरापासून दूर पडलेल्या स्विस माणसांना तो जडतो, असे त्याचे निदान होते. आपल्याकडे हा आजार नाही. आपल्याकडे तो दिवाळी अंकांचा एक स्थायी विभाग आहे.

त्या विभागात कोणत्या वस्तूंना प्रवेश आहे, तेही आता जवळजवळ ठरून गेले आहे. बालगंधर्वांची पदे, आकाशवाणीवरची भावगीते, बिनाका गीतमाला, 'चांदोबा', चाळीतला सार्वजनिक नळ, एसटीचा लाल डबा. या यादीबद्दल माझी तक्रार नाही. यातल्या पुष्कळ गोष्टी मलाही प्रिय आहेत. माझे म्हणणे एवढेच, की ही यादी एका विशिष्ट पिढीने तयार केली आणि पुढच्या पिढ्यांनी ती वारसाहक्काने, न तपासता स्वीकारली. आज चाळिशीत असलेले माझे कितीतरी समवयस्क ज्या चाळीत कधी राहिले नाहीत त्या चाळीबद्दल हळवे होऊन लिहितात, आणि ज्या गोष्टींनी त्यांचे कुमारवय खरोखर व्यापले होते त्यांबद्दल मात्र मराठीत चकार शब्द काढत नाहीत.

२२ जुलै २०२५ रोजी ऑझी ऑझबर्न गेला तेव्हा हे मौन जरासे फुटले. बर्मिंगहॅममधल्या अखेरच्या मैफलीनंतर अवघ्या सतरा दिवसांनी आलेली ती बातमी. त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर मराठी माणसांनी लिहिलेले शोकसंदेश मी लक्षपूर्वक वाचले. बँकेत, महापालिकेत, महाविद्यालयांत नोकऱ्या करणारी, मुलांच्या दहावीच्या चिंतेत असलेली ही माणसे अचानक 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या कॅसेटविषयी बोलू लागली होती. मात्र त्यांची भाषा उसनी होती. जे लिहिले जात होते ते इंग्रजी संकेतस्थळांवरच्या मृत्युलेखांचे सार होते: बर्मिंगहॅमचे कारखाने, पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची तुटलेली टोके, त्यामुळे सैल केलेल्या तारा आणि त्यातून निघालेला तो जड, खालचा सूर. हे सारे खरे आहे आणि रोचकही आहे. पण वाशीच्या सिडको वसाहतीत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत पाळी करणाऱ्या वडिलांच्या झोपेला धक्का लागू नये म्हणून आवाज अगदी बारीक ठेवून ते संगीत ऐकणाऱ्या मुलाच्या आठवणीत बर्मिंगहॅम कुठून आले? त्याला आयोमीची बोटे ठाऊक नव्हती. त्याला ठाऊक होती फक्त एक कॅसेट, आणि तीही मूळ नव्हे; कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून घेतलेली.

या स्मरणरंजनाचा गाभा माझ्या मते इथे आहे. जुन्या हेवी मेटलच्या आणि त्याच काळातल्या संगणकीय भूमिका-खेळांच्या (ज्यांत खेळणारा एखादे पात्र घेऊन लांबलचक कथेतून प्रवास करतो ते खेळ) आपल्या आठवणी या मूळ वस्तूंच्या आठवणी नाहीत. त्या प्रतींच्या आठवणी आहेत. आणि प्रतीचा स्वभाव मुळाहून वेगळा असतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी सांगावे लागू नये.

एक उदाहरण जरा विस्ताराने घेते. 'आयर्न मेडन' या ब्रिटिश वाद्यवृंदाचा 'पॉवरस्लेव्ह' हा अल्बम १९८४ सालचा. त्याची लांबी सुमारे एकावन्न मिनिटे. आमच्याकडे उतरवून घेण्यासाठी वापरली जाई ती नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. पैसे वाचवण्यासाठी एका बाजूला एक अल्बम आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असा हिशेब असे. या अल्बममधले शेवटचे गाणे साडेतेरा मिनिटांहून मोठे आहे आणि ते कोलरिजच्या 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर' या १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ कवितेवर आधारलेले आहे. कोलरिजची कविता ज्यांनी अभ्यासाला लावली असेल त्यांना तो म्हातारा खलाशी आठवेल: पक्षी मारल्याचे पाप, वारा पडून खिळलेले जहाज, तहानेने मेलेले सोबती आणि अखेर शापातून सुटका व परतीचा प्रवास. गाण्यातही हा सारा क्रम आहे. मधोमध एक संथ, जवळजवळ नि:शब्द टापू येतो. जहाजाची लाकडे कुरकुरल्याचा भास होतो. आणि आमची पंचेचाळीस मिनिटे संपत ती नेमकी या टापूच्या आसपास, गाण्याच्या साधारण आठव्या मिनिटाला. खट् असा आवाज येई आणि कळ वर उडे.

म्हणजे आमचा खलाशी कधी घरी परतलाच नाही. माझ्या भावाने आणि मी ती कॅसेट तीन वर्षे ऐकली. आमच्या लेखी ते गाणे थिजलेल्या समुद्रावर संपत होते आणि तोच त्याचा शेवट आहे, असा आमचा ठाम समज होता. पुढे बी. ए.ला इंग्रजीच्या वर्गात कोलरिजची कविता आली तेव्हा तिचा उत्तरार्ध मला कुणीतरी मागाहून जोडल्यासारखा वाटला होता. 'मेटॅलिका'च्या १९८६ सालच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चीही तीच गत. एकूण आठ गाणी, आमच्या वाट्याला साडेसहा. सातवे गाणे शब्दांविना नुसते वाद्यांचे आहे. ते अर्ध्यावर तुटे, आणि आठवे अस्तित्वातच नव्हते.

याला आपल्या शास्त्रात 'खंडित प्रत' म्हणतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती ज्या कारणासाठी, ते कारण इथेही होतेच: नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले पाठभेद. कुणाच्या प्रतीत एक गाणे कमी, कुणाच्या प्रतीत क्रम उलटा, कुणाची कॅसेट ज्या यंत्रावर उतरवली त्याची गती किंचित जास्त असल्याने सूरच अर्ध्या पट्टीने चढलेला. चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रतीत झांजांचा आवाज लुप्त होऊन नुसती खरखर राही. ज्याने त्या प्रतीवर कान तयार केले त्याला पुढे स्वच्छ ध्वनिमुद्रण ऐकल्यावर काहीतरी उणे वाटे, आणि ते उणेपण खरे होते.

खेळांच्या बाबतीत पाठभेद आणखी विलक्षण होते. 'बॉल्डर्स गेट' हा कॅनडातल्या 'बायोवेअर' या संस्थेचा खेळ १९९८च्या डिसेंबरात आला तो पाच तबकड्यांवर. आमच्यापर्यंत असे खेळ पोचत ते पुष्कळदा एका तबकडीवर दाबून बसवलेल्या चोरट्या आवृत्तीतून. जागा वाचवण्यासाठी या आवृत्त्यांतून चित्रफिती, संगीत आणि पात्रांचे बोलणे छाटून टाकलेले असे. राही ते फक्त चित्र आणि मजकूर. परदेशातल्या खेळाडूंना त्या खेळांतल्या नटांचे आवाज आठवतात. आम्हांला आठवते ती शांतता आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी वाक्ये. आम्ही तो खेळ अक्षरशः वाचला. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या भावासारख्या मुलांनी आयुष्यात सलग वाचलेला सर्वांत दीर्घ इंग्रजी मजकूर म्हणजे एखादी कादंबरी नव्हे, तर हा खेळ होय. शेजारी वीरकरांचा शब्दकोश उघडा. विषाच्या, शस्त्रांच्या, चिलखतांच्या नावांसाठी तो फारसा उपयोगी पडत नसे, हे जाता जाता नोंदवते.

१९९९ सालच्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'मध्ये तर सुमारे आठ लाख शब्दांचा मजकूर असल्याचे सांगितले जाते. त्याचा नायक शवागारात जागा होतो. त्याला स्वतःचे नाव आठवत नाही. तो मरतो आणि पुन्हा उठतो, दर वेळी पूर्वीचे काहीतरी विसरून. आणि त्याच्या प्रत्येक मरणाची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागत असते. आपल्या आधीच्या अवतारांनी केलेली पापे तो अनोळखी माणसांच्या तोंडून ऐकत हिंडतो. पुनर्जन्माच्या कल्पनेत वाढलेल्या वाचकाला यात परके असे काय आहे? उलट मला वाटते, जन्मांतरीचे विसरणे हा शाप की दया, हा प्रश्न त्या खेळाने जितक्या गंभीरपणे मांडला, तितक्या गंभीरपणे तो त्या दशकातल्या फार थोड्या मराठी कथांनी मांडला असेल. हे विधान काहींना धाडसाचे वाटेल. वाटू द्या.

प्रत काढणे ही आपल्या वाङ्मयीन इतिहासात काही नवी गोष्ट नव्हे. पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मंडळींनी 'शब्द' काढले ते सायक्लोस्टाइल करून. पुसट शाई, हातोहात फिरणारे मोजके अंक आणि ते मिळवण्यासाठी करावी लागणारी ओळखदेख यांमुळे वाचकांचा एक लहान, हट्टी समाज उभा राहिला. त्या अनियतकालिकांचा इतिहास आज आपण आदराने शिकवतो. (याच कोलटकरांनी पुढे अर्जुन शेजवळांकडे पखवाजाचे धडे घेतले आणि इंग्रजीत गाणीही रचली, हे आपण शिकवताना बहुधा वगळतो.) कॅसेटवरून कॅसेट काढणाऱ्या मुलांचा समाजही याच जातीचा होता. दक्षिण मुंबईतल्या दुकानांत मूळ कॅसेट मिळत असे, पण महिन्याच्या खर्चाला मिळणाऱ्या पैशांत ती बसत नसे. मग पाच जणांनी मिळून एक घ्यायची आणि चार प्रती करायच्या. कोणाकडे काय आहे याची यादी एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या मलपृष्ठावर असे.

तरीही या समाजाला सोवळे करून मांडण्याचा माझा हेतू नाही. तो मुलांचा समाज होता. संगणक घरात आला तो भावाच्या अभियांत्रिकीसाठी, आणि मला तो मिळे तो भाऊ क्लासला गेला असताना. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून होणाऱ्या 'इंडिपेंडन्स रॉक'ला मी एकदाच जाऊ शकले, तेही भाऊ सोबत असल्याने आणि शेवटच्या हार्बर लोकलच्या आत परतण्याच्या बोलीवर. (२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि रंगभवनातला तो गजर पुढे थांबला. आज त्या जागेबद्दल हळवे होणाऱ्यांत पुरुषच अधिक दिसतात; तिथे हजर कोण होते, हे पाहता त्यात नवल नाही.) शिवाय घरात संगणक असणे हीच तेव्हा एका वर्गाची खूण होती. आपल्या आठवणींना वर्ग असतो, लिंग असते आणि पत्ताही असतो.

पत्त्याविषयी बोलायचे तर नवी मुंबईचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे शहर मुळात आराखड्यावर जन्मले. सिडकोची स्थापना १९७०ची. खाडीवरून लोकल वाशीला आली ती १९९२ साली. इथे जुना वाडा नाही, पेठ नाही, चाळ नाही. इथल्या वसाहतींत वाढलेल्या मुलाला आठवण्यासाठी पिढीजात असे काही उपलब्धच नव्हते, म्हणून त्याने दूरच्या वस्तूंवर जीव लावला, असे एक स्पष्टीकरण देता येईल. मीही काही काळ ते देत असे. पण ते फक्त आमच्यासारख्या बाहेरून येऊन वसलेल्यांना लागू पडते. कारण या जमिनीला भूतकाळ होता. पंचाण्णव गावांची भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली.

माझा एक विद्यार्थी घणसोलीच्या गावठाणातला, पस्तिशीतला, नोकरी सांभाळून एम. ए. करणारा. त्याच्या वडिलांना मिठागर आठवते. ते आठवले की ते बोलायचे थांबतात. त्याला स्वतःला आठवतो साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावरचा सायबर कॅफे, आणि तिथे ताशी पैसे मोजून खेळलेला 'डायब्लो २' (हा खेळ २००० सालचा). तिथल्या संगणकावर जतन केलेले पात्र दुसरा कुणी पुसून टाकील, ही कायमची धास्ती. पण त्या खेळातल्या पात्राची फाइल इतकी लहान असे, की ती साध्या फ्लॉपीवर सहज मावे. आणि हा मुलगा आपला योद्धा खिशात घालून घरी नेत असे, ज्या घरात संगणक नव्हता. हे ऐकल्यापासून माझ्या मनातला स्मरणरंजन आणि गतकातरता यांचा सुबक भेद जरा डळमळीत झाला आहे. वडिलांची गतकातरता आणि मुलाचे स्मरणरंजन अशी सरळ वाटणी करता येत नाही. बापाची जमीन ज्या व्यवहारात गेली त्याच व्यवहारातून मुलाचे बालपण उभे राहिले, आणि आता तो कॅफेही नाही.

या विद्यार्थ्याने एम. ए.च्या प्रकल्पासाठी हाच विषय मांडला. सायबर कॅफेच्या काळातल्या मुलांच्या आठवणी, वह्या आणि त्यांची बोली. विषय ज्या समितीपुढे गेला तिथे एकच प्रश्न विचारला गेला: 'यात मराठी काय?' प्रस्ताव परत आला.

प्रश्न विचारणारे दुष्ट नव्हते. आपल्यातल्या पुष्कळांनी तोच प्रश्न विचारला असता. नेमाड्यांच्या देशीवादाचा सोयीस्कर अर्थ लावणाऱ्यांना तर उत्तरही तयार मिळते: परक्या मातीतले रोप, कुंडीत लावलेले, त्याचा अभ्यास त्या मातीतल्यांनी करावा. पण प्रश्न उलटा करून पाहावा, असे मला वाटते. मराठी मुले ड्रॅगन, जादूगार, शापित तलवारी आणि भुयारे यांच्या मागे परभाषेत का गेली?

त्याचे एक कारण आपल्याच वाङ्मयेतिहासात आहे. मराठी कादंबरी जन्मली तीच अद्भुताच्या कुशीत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ने वास्तवाचा जो मानदंड उभा केला तो इतका समर्थ ठरला, की अद्भुतरम्य हे विशेषण शिवीसारखे वापरले जाऊ लागले. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने वाचकांना झपाटले, तरी अभ्यासक्रमात त्याची नोंद एका ओळीची. अद्भुताची रवानगी बालवाङ्मयात झाली, तिथून 'चांदोबा'च्या वेताळापर्यंत आली आणि आठवी-नववीतल्या मुलाला वाटू लागले, की आता हे सोडून द्यायचे वय झाले. नवरसांतला एक रस आपण असा वयाच्या तेराव्या वर्षी बंद करतो. आणि नेमक्या त्याच वयात कुणीतरी हाती कॅसेट देतो, जिच्या वेष्टनावर पिरॅमिडांपुढे एक प्रचंड सांगाडा फेरोसारखा बसलेला असतो. मुलगा जाणार नाही तर काय करील? जी भूक मराठीने लावली आणि मराठीनेच अर्धपोटी ठेवली, ती त्याने जिथे भागेल तिथे भागवली. 'यात मराठी काय' याचे एक उत्तर मराठीतली ही रिकामी जागा.

दरम्यान बाजाराने या आठवणी ओळखल्या आहेत. 'आयर्न मेडन'ने २००८ साली आपल्या जुन्या गाण्यांचा जो जागतिक दौरा काढला त्याचे नावच 'समव्हेअर बॅक इन टाइम' असे होते आणि त्याची सुरुवात १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. त्या कार्यक्रमात खलाशाचे गाणे पूर्ण वाजले. 'बॉल्डर्स गेट'ची सुधारित आवृत्ती २०१२ साली आली, 'प्लेनस्केप'ची २०१७ साली, 'डायब्लो २'ची २०२१ साली. चकचकीत चित्रे, गाळून स्वच्छ केलेले आवाज, वर 'तुमचे बालपण परत घ्या' असा आविर्भाव. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ सालच्या आपल्या पुस्तकात गतकातरतेचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक, गेलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारी, दुसरी, गेलेल्यावर थबकून, त्याच्या तड्यांसह त्याचा विचार करणारी. बाजाराला अर्थातच पहिली मानवते. पण आमच्या बाबतीत गंमत अशी, की पुन्हा उभारले जाते आहे ते आमचे कधी नव्हतेच. पाच तबकड्यांची सुबक पेटी, कापडावर छापलेला नकाशा, मूळ अल्बमची तबकडी या वस्तू ओहायोतल्या किंवा लीड्समधल्या कुणाच्या तरी कपाटात होत्या. आज आम्ही त्या विकत घेतो तेव्हा दुसऱ्याचा भूतकाळ विकत घेतो आणि आपला, म्हणजे खरखरीचा, खंडित प्रतीचा, मुक्या आवृत्तीचा भूतकाळ अशुद्ध म्हणून फेकून देतो. माझ्या भावाने गेल्या वर्षी साऱ्या कॅसेटी भंगारात दिल्या. कारण दिले, की सगळे आता फोनवर आहे. सगळे नाही.

चोरट्या प्रतींवर वाढलेल्या समाजाला यापलीकडे काही करता येते का? पोलंडचे उदाहरण मला इथे महत्त्वाचे वाटते. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर तिथेही संगणकीय खेळांचा व्यवहार जवळजवळ सगळा नकलांवर चाले. संगणकप्रणालींना संरक्षण देणारा कायदा १९९४ सालचा. त्याच वर्षी वॉर्सातल्या दोन तरुणांनी 'सीडी प्रोजेक्ट' ही संस्था काढली. त्यांच्यातला एक जण शाळकरी वयात स्वतः अशा नकलांची देवघेव करी. १९९९ साली त्यांनी 'बॉल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला. सारा मजकूर अनुवादित केला, पात्रांना पोलिश नटांचे आवाज दिले, निवेदनासाठी पिओत्र फ्रोंचेव्स्की यांच्यासारखा नामवंत अभिनेता घेतला. नकलेहून अनुवाद सरस ठरला आणि लोकांनी तो विकत घेतला. आठ वर्षांनी, २००७ साली, याच संस्थेने आपला स्वतःचा खेळ काढला, आणि तो आंद्रजेय सापकोव्स्की यांच्या पोलिश कथांवर बेतलेला होता. त्यातली पहिली कथा १९८६ साली एका पोलिश मासिकात आली होती. मासिकातली कथा, मग परक्या खेळाचा अनुवाद, मग स्वभाषेतला खेळ. पोलिश बोलणारे साधारण चार कोटी. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८.३ कोटी.

यावर ठरलेला आक्षेप असा, की आपल्याकडे ज्यांना खेळ परवडत त्यांना इंग्रजी येत असे. अनुवादाची गरज कुणाला होती? गरज नव्हती, हे मला मान्य नाही. वीरकरांचा कोश मांडीवर घेऊन खेळणाऱ्याला गरज होती; त्याची बाजारात गणती नव्हती, एवढेच. आणि बाजाराचे सोडा, लेखनाला तर भांडवल लागत नाही. मुंबईच्या मेटल वाद्यवृंदांनी 'भयानक मौत'सारखी झणझणीत देशी नावे घेतली, पण शब्द बहुतेक इंग्रजीच राहिले. ज्यांनी ऐकले आणि खेळले त्यांच्यातले काही पुढे मराठीत लिहू लागले. त्यांच्या कथा-कवितांत लोकल येते, मॉल येतो, मोबाइल येतो. ही कॅसेट आणि हा खेळ माझ्या वाचनात तरी क्वचितच आला. आपल्या विद्येच्या क्षेत्रात याला स्थान नाही, हे त्यांनी आपल्याकडूनच, वर्गात, न सांगता शिकले असावे.

विद्यार्थ्याने प्रस्ताव मागे घेतलेला नाही. त्याने आतापर्यंत अकरा वह्या जमवल्या आहेत. एका वहीत इंग्रजी गाणी कानाने ऐकून देवनागरीत उतरवलेली आहेत. न कळलेल्या शब्दांच्या जागी टिंबे आहेत आणि काही ठिकाणी टिंबांवर नंतर वेगळ्या शाईने, वेगळ्या हाताने अंदाज लिहिले आहेत. दुसऱ्या एका वहीत 'बॉल्डर्स गेट'मधल्या गावांचे नकाशे चौकटीच्या कागदावर काढलेले असून जागांची नावे मराठी आहेत. एका विहिरीला 'भुताची' असे नाव दिले आहे. एकाच गाण्याच्या तीन वह्यांतल्या तीन प्रतींमधले फरक त्याने शेजारी शेजारी मांडले आहेत आणि तिसरी प्रत पहिलीवरून उतरवलेली असावी, हे सामाईक चुकांवरून दाखवले आहे. पुढल्या महिन्यात प्रस्ताव पुन्हा समितीपुढे जाईल. या वेळी शीर्षकात आम्ही 'पाठचिकित्सा' हा शब्द घातला आहे. तो त्यांच्या ओळखीचा आहे.